आकृती प्रमाण की शब्द?

इमारतीचे लोखंड बांधणारा कारागीर मानकाची पुस्तिका उघडून पाहत नाही. त्याच्या हाती नकाशा असतो. खांबातील उभ्या सळयांना वेढणारी रिंग कशी वळवावयाची, हे तो चित्र पाहूनच ठरवितो. साहजिकच, चित्र आणि मजकूर यांत तफावत पडली तर कोणते प्रमाण मानावे, हा प्रश्न केवळ कागदोपत्री राहत नाही.

भूकंपाचे हादरे सोसू शकणाऱ्या आर.सी.सी. बांधकामासाठी भारतीय मानक १३९२० हे १९९३ साली प्रसिद्ध झाले. किल्लारीचा भूकंप त्याच वर्षीचा. अर्थात तेथील पडझड प्रामुख्याने दगडमातीच्या घरांची होती. रिंगेचे टोक १३५ अंशांत वळवून खांबाच्या गाभ्यात न्यावे, असे हे मानक सांगते. २०१६ च्या सुधारित आवृत्तीतही कोन तोच राहिला. काटकोनात वळविलेले टोक बाहेरच्या आवरणातच राहते. हादऱ्यांनी आवरण गळाले की रिंग उलगडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. नकाशा काढणाऱ्याने सवयीने काटकोन दाखविला, तर शेजारच्या टीपेत १३५ अंश लिहिलेले असूनही कारागिराची नजर चित्रावरच जाईल.

शब्दाला श्रेष्ठ मानण्यास सबळ कारण आहे. ‘किमान’, ‘अपवाद वगळता’, ‘आवश्यक राहील’ हे रेषेने सांगता येत नाही; चित्र एकच उदाहरण दाखविते. नकाशावर पट्टी ठेवून काढलेल्या मापापेक्षा लिहिलेले माप ग्राह्य धरावे, हा संकेतही त्यातूनच आला. मात्र काही ठिकाणी आकृती हाच नियम असतो. भारतीय मानक ४५६ (२०००) मध्ये तुळईच्या वाकण्यासंबंधीचा एक गुणक मजकुरात दिलेलाच नाही; मजकूर वाचकाला आलेखाकडे पाठवितो.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारात हा क्रम स्पष्ट केलेला आहे. प्रथम परिमाणपत्रकातील वर्णन, नंतर कामाचे विशेष विनिर्देश व अटी, त्यानंतर नकाशे, मग विभागाचे सर्वसाधारण विनिर्देश आणि शेवटी भारतीय मानके. म्हणजे नकाशा विशिष्ट मजकुराच्या खाली, पण सर्वसाधारण मजकुराच्या वर. ही व्यवस्था समंजस वाटते. तथापि तिच्यामुळे वादाचा निकाल लागतो, चूक टळत नाही. मजकुराइतकीच कसोशीने आकृती तपासणे म्हणूनच अगत्याचे. वाद कार्यालयात पोहोचेपर्यंत काँक्रीट ओतून झालेले असते, आणि आतील रिंग कोणत्या कोनात वळविली आहे हे बाहेरून दिसत नाही.