किनाऱ्यास लागलेला जलचर आणि आपली जीवदया

पांजरपोळास देणगी देणे आपल्या व्यापारी बांधवांस नवे नाही. परंतु समुद्रकिनाऱ्यावर अडकलेल्या जलचर पंचेंद्रिय जीवासाठी काय करावे, हे गोवा-कारवारकडे पेढ्या असणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. येथे अज्ञानाने केलेली दया प्राण घेते, म्हणून हा लेखनप्रपंच.

देवमासा व डॉल्फिन हे फुप्फुसांनी श्वास घेणारे, पिलांस दूध पाजणारे प्राणी होत. अर्थात पाण्याबाहेर ते माशाप्रमाणे गुदमरत नाहीत. त्यांचा घात निराळ्या कारणांनी होतो. पाण्याने तोलून धरलेले शरीर वाळूवर स्वतःच्याच भाराने फुप्फुसे व स्नायू चेपू लागते. कातडीखालील चरबीच्या जाड थरामुळे अंगातील उष्णता बाहेर पडत नाही. आणि डोक्यावरील श्वासरंध्रात भरतीचे पाणी शिरले, तर हा समुद्राचा रहिवासी चक्क बुडून मरतो.

शेपटीस दोर बांधून ओढणे ही सर्वांत घातक चूक. प्रथम वनखाते, पोलीस किंवा किनाऱ्यावरील जीवरक्षक यांस कळवावे. तोवर प्राणी पोटावर सरळ ठेवावा, पुढील परांखालची वाळू उकरून खळगे करावेत, अंगावर ओले सुती कापड पसरून पाणी शिंपीत राहावे. (कापडाच्या व्यापाऱ्यास याहून सोपे दान कोणते?) श्वासरंध्र मात्र उघडे हवे. सावली करावी, गर्दी, गलका व कुत्री दूर ठेवावीत. तोंडात अन्नपाणी घालू नये.

घाईने समुद्रात लोटणे म्हणजे सुटका नव्हे. जानेवारी २०१६ मध्ये तमिळनाडूच्या मणप्पाड किनाऱ्यावर ऐंशीच्या आसपास पायलट देवमासे लागले. लोकांनी रात्रभर खपून पुष्कळ परत लोटले. त्यांतील काही पुन्हा वाळूवर आले, आणि चाळीसहून अधिक दगावले. ही जात कळपाशी घट्ट बांधलेली. एक मागे राहिला की इतर परततात. म्हणून न्यूझीलंडातील स्वयंसेवक सर्वांस एकत्र आणून, तोल सावरेपर्यंत उथळ पाण्यात धरून मगच सोडतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्यास आलेले देवमाशाचे पिल्लू मोठ्या शर्थीने समुद्रात नेले, तरी ते वाचले नाही. आईपासून तुटलेले वा आजारी जनावर केवळ पाण्यात पोचल्याने बरे होत नाही. पशुवैद्याचा निर्णय मानावाच लागतो.

मेलेल्या प्राण्याचे दात-हाडे कुणी ‘आठवण’ म्हणून घरी आणू पाहतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो अपराध ठरतो.