चौदा क्लब कशाला?

पुण्याचा उदयन माने 2021 साली टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून गोल्फ खेळला. तरी येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर पाऊल ठेवलेले पुणेकर थोडेच. खेळाडूच्या पिशवीत इतके क्लब कशाला, हा प्रश्न मात्र टीव्हीवर सामना पाहणाऱ्या कुणालाही पडतो.

उत्तर दोन गोष्टींत आहे: दांड्याची लांबी आणि पात्याचा कल, म्हणजे लॉफ्ट. दांडा लांब आणि लॉफ्ट कमी असेल, तर चेंडू लांब जातो. दांडा आखूड आणि लॉफ्ट जास्त असेल, तर तो उंच उडतो, जवळ पडतो आणि पडल्यावर लवकर थांबतो. अंतर बदललं की शक्यतो स्विंग तोच ठेवायचा, क्लब बदलायचा.

सर्वांत लांब ड्रायव्हर. त्याचा लॉफ्ट साधारण 9 ते 12 अंश, डोकं जास्तीत जास्त 460 घनसेंटिमीटर. त्याच्या जोडीला फेअरवे वूड. पूर्वी लाकडाचे, आता धातूचे. मग आयर्न. आकडा एकानं वाढला की लॉफ्ट सुमारे चार अंशांनी वाढतो, दांडा अर्ध्या इंचानं घटतो. तीन-चार नंबरचे आयर्न नवख्यांना जमत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी हायब्रिड आले.

मला सर्वांत हुशार वाटतो तो सँड वेज. जीन साराझेननं 1932च्या ब्रिटिश ओपनमध्ये तो वापरला आणि ती स्पर्धा जिंकलीही. त्याच्या तळाची मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली असते. त्यामुळे पातं वाळूत रुतत नाही, चेंडूखालून सरकतं आणि वाळूच चेंडूला बाहेर ढकलते.

एकेकाळी काही खेळाडू वीसहून अधिक क्लब घेऊन फिरत. अमेरिकेत 1938 साली चौदाची मर्यादा आली आणि निवड हाही खेळाचा भाग झाला. पुण्यात तर ऋतूही पाहावा लागतो. उन्हाळ्यात कडक जमिनीवर चेंडू पडून पुढे घरंगळतो. पावसाळ्यात तो जागीच बसतो, मग त्याच अंतराला एक नंबर कमीचा, म्हणजे लांब दांड्याचा क्लब काढावा लागतो.

नवखे आधी महागडा ड्रायव्हर घेतात, ते मला पटत नाही. 72 पारच्या, म्हणजे 72 फटके अपेक्षित असलेल्या कोर्सवर दर होलला दोन याप्रमाणे 36 फटके पटरचे, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायच्या क्लबचे धरलेले असतात. सुरुवातीला पटर, सात नंबरचं आयर्न, एक वेज आणि एक हायब्रिड पुरेत. तेही आपल्या उंचीला साजेशा दांड्याचे, हातात धरून पाहिलेले.