40 फूट तेल, 20 फूट थरार

बोलिंगची लेन चकाकते ती पॉलिशमुळे, असं वाटतं ना? ते तेल असतं! खेळाआधी एक यंत्र लेन पुसतं आणि तिच्यावर मिनरल ऑइलचा केसाहूनही पातळ थर देतं. बॉल सोडताना जी ओलांडायची नसते त्या फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत 60 फूट. त्यातले साधारण पहिले 40 तेलकट, उरलेले कोरडे.

तेलावर बॉल नुसता घसरतो. हाताने दिलेली फिरकी बरीचशी शाबूत राहते आणि कोरड्या पट्ट्यात पकड मिळताच बॉल झपकन आत वळतो. पुढच्या पिनेच्या बगलेत तो सुमारे 6 अंशांत घुसला, तर स्ट्राइकची, म्हणजे एका फटक्यात सगळ्या पिना पडण्याची, शक्यता सगळ्यात जास्त. सरळ टाकलेल्या बॉलला हा कोन साधतच नाही.

म्हणूनच 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचे बॉल आले आणि खेळ पालटला. यांचं कवच सच्छिद्र, चक्क तेल पिणारं. आतला गाभा मुद्दाम वेडावाकडा, काहींत तर विजेच्या बल्बसारखा. त्यामुळे धावता धावता बॉलचा अक्ष सरकतो आणि दर फेरीला कवचाचा नवा, कोरडा भाग लेनला टेकतो. परत आलेला बॉल उजेडात धरून बघा: तेलाची वर्तुळं पंख्यासारखी पसरलेली असतात आणि दोन ठिकाणी एकमेकांना छेदतात. खेळाडू दर वेळी टॉवेलने बॉल पुसतात, ते याच तेलासाठी.

पण महागडा बॉल सगळीकडे चालतो, हा समज सोडा. भरपूर तेलावर राज्य करणारा खरखरीत बॉल कोरड्या लेनवर फार लवकर वळतो आणि पिनांपाशी पोचेपर्यंत त्याचा जोर संपलेला असतो. तिथे गुळगुळीत, चकचकीत कवचच हवं. गंमत म्हणजे एकच बॉल सँडपेपरने घासला की पकडू लागतो, पॉलिश केला की लांब घसरतो. माझ्या मते गाभ्याच्या जाहिरातींपेक्षा कवचाकडे आधी बघावं.

कवचाची ही करामत रिअ‍ॅक्टिव्ह बॉलच्याही आधीची: 1973 मध्ये अमेरिकेच्या डॉन मॅक्यून यांनी आपल्या बॉलचं कवच रसायनात भिजवून मऊ केलं आणि त्या वर्षी ते पीबीए या व्यावसायिक बोलिंग संघटनेचे सर्वोत्तम खेळाडू ठरले! मग कवचाच्या कडकपणाचे नियम आले.

आता एक झकास हिशेब. लेनची रुंदी 39 फळ्यांची. तेल जितके फूट, त्यातून 31 वजा करा. 40 फूट तेल असेल, तर काठापासून नवव्या फळीच्या आसपास बॉल वळायला हवा. पीबीएच्या आखणीत आखूड तेलाला ‘चीता’, लांब तेलाला ‘शार्क’ अशी नावं आहेत. रोजच्या लेनवर मधे जास्त आणि कडांना कमी तेल असल्याने थोडा चुकलेला बॉलही सांभाळला जातो. यूएस ओपनसारख्या स्पर्धेत ते जवळपास सपाट पसरतात, मग चुकीला माफी नाही. त्यातच प्रत्येक बॉलबरोबर तेल हलतं, म्हणून पहिल्या गेमची जागा तिसऱ्या गेमला चालेलच असं नाही.

उरलेली एकटी पिन पाडायला मात्र व्यावसायिकसुद्धा सहसा साधा प्लास्टिकचा बॉल उचलतात, कारण तो तेलाची पर्वा न करता जवळपास सरळ जातो. मॉलमधल्या रॅकवरचे बॉलही बहुतेक असेच असतात. तेव्हा तिथे वळवायच्या फंदात पडू नका. पुढच्या पिनेच्या किंचित बाजूला नेम धरा आणि सरळ सोडा.