गाईच्या कानातला बिल्ला : नोंद कोणाच्या नावावर?

दारात एखादी गाय वा म्हैस बांधून मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागविणारी पुष्कळ कुटुंबे आपल्या वाचकांत आहेत. त्यांच्यासाठी आम्ही ही माहिती देत आहोत.

गुरांच्या कानातला पिवळा बिल्ला आता गावोगाव दिसतो. त्यावरचा १२ अंकी क्रमांक ही त्या जनावराची ओळख. 'भारत पशुधन' या संगणकीय नोंदवहीत त्या क्रमांकासमोर मालकाचे नाव, लसी, कृत्रिम रेतन, वेत यांची नोंद होते.

याचा उपयोग काय? वाण सुधारायचे तर आई-बाप ठाऊक हवेत. गोठविलेल्या रेताच्या कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. तो नोंदला नाही, तर पुढे कालवड माजावर आल्यावर तिलाही त्याच वळूची कांडी भरली जाण्याचा धोका असतो. म्हणजे बाप लेकीलाच लागला! अशा जवळच्या रक्ताची वासरे अशक्त निपजतात, दूधही घटते. नोंद असेल तर डॉक्टर दुसरा वळू निवडतात.

वळूची पारखही नोंदींवरच होते. त्याच्या लेकी व्याल्या, त्यांचे दूध मोजले, म्हणजे त्याचा गुण कळतो. यात कित्येक वर्षे जातात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे पंतप्रधानांच्या हस्ते गाईंसाठी 'गौचिप' व म्हशींसाठी 'महिषचिप' यांचे लोकार्पण झाले. या तपासणीने वासराच्या आनुवंशिक गुणांचा अंदाज लहानपणीच बांधता येतो. पण त्या अंदाजालाही आधार लागतो तो गोठ्यागोठ्यांत मोजलेल्या दुधाचा. नोंद खोटी, तर अंदाजही खोटा.

एक गोष्ट मात्र आम्हाला ठासून सांगायची आहे. शेण काढते बाई, वैरण आणते बाई, जनावर माजावर आल्याचे प्रथम ओळखते तीही बाईच. आणि नोंदीत नाव व मोबाईल नंबर पुष्कळ ठिकाणी घरधन्याचा! डॉक्टरांचा फोन जातो तो कामावर गेलेल्या माणसाला. जी राबते तिचेच नाव मालक म्हणून लावून घ्या.

गाय भरवताना कांडीवरचा क्रमांक व तारीख घरच्या वहीतही लिहा. सुमारे २१ दिवसांनी पुन्हा माज दिसतो का पाहा. तीन महिन्यांनी गाभण तपासणी करून घ्या. जनावर विकत घेतल्यास बिल्ल्याची नोंद आपल्या नावे करून घ्या. शाळेत जाणारी मुलगी ही वही सहज सांभाळील. पुढे कालवड विकायची वेळ आली, तर तिच्या आईचे दूध आणि बापाचा क्रमांक कागदावर दाखवून दोन पैसे जास्त मागता येतील.