पाणलोट संस्थेचा कारभार : कामे संपल्यानंतर

आपल्या राज्यात १९९० नंतरच्या काळात पाणलोट विकासाची कामे गावोगावी झाली. १९९२ मध्ये आदर्श गाव योजना सुरू झाली. नाबार्ड आणि वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट यांच्या मदतीने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम राबविला गेला. पुढे केंद्र व राज्य शासनाच्या इतर योजना आल्या. या कामांसाठी अनेक गावांत शेतकऱ्यांनी स्वतःची संस्था नोंदविली. हिवरे बाजारसारख्या गावात सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने ग्रामसभा आणि गावची नोंदणीकृत संस्था यांनी मिळून हे काम कसे केले, ते आपण ऐकून आहातच.

योजनेचा कालावधी संपला की अधिकारी जातात, मार्गदर्शक संस्था जाते. गावाकडे दोन गोष्टी उरतात : शिवारातील बांध-बंधारे आणि देखभालीसाठी ठेवलेल्या निधीचे बँकेतील पुस्तक. या दोन्ही गोष्टी सांभाळणे हेच त्यानंतर संस्थेचे काम असते आणि नेमके येथेच दुर्लक्ष होते.

समजा, जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात माती नालाबांधाचा सांडवा खचला. परतीच्या पावसाआधी तो दुरुस्त झाला तर रब्बीला विहिरींना पाणी राहील, नाही तर बांधच वाहून जाईल. निधी बँकेत आहे. पण खात्यावर सही करणाऱ्या दोघांपैकी एकाचे निधन झाले आहे आणि दुसरे मुलाकडे पुण्याला राहतात. गावाने नवे अध्यक्ष तोंडी निवडले, त्यालाही सहा वर्षे झाली. धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरात मात्र जुनीच नावे आहेत. बँक पैसे देत नाही, आणि नियमाने पाहिले तर तिचे बरोबरच आहे. पैसा असून पाणी जाते ते असे. ही अडचण पावसाळ्यात सुटत नाही, ती उन्हाळ्यात सोडवून ठेवावी लागते.

दप्तर कोणत्या नावावर आहे ते पाहा

प्रथम आपली समिती कोणत्या स्वरूपाची आहे ते तपासावे. केवळ ग्रामसभेने नेमलेली, स्वतंत्र नोंदणी नसलेली समिती असेल तर धर्मादाय कार्यालयाचे नियम तिला लागू नाहीत. तिने ग्रामपंचायतीमार्फत चालावे. परंतु संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली (यासाठी किमान सात सभासद लागतात) नोंदणी झालेली असेल, तर आपल्या राज्यात अशा संस्थेची सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदणी असते. म्हणजे एकाच संस्थेला दोन कायदे. दोन्हींचे काम जिल्ह्याच्या ठिकाणी एकाच कार्यालयातून चालते, ही त्यातल्या त्यात सोय.

दुसऱ्या कायद्याप्रमाणे प्रत्येक संस्थेची एक नोंदवही असते. तिला परिशिष्ट एक असे म्हणतात. शेतजमिनीला जसा सात-बारा, तसे संस्थेला परिशिष्ट एक. त्यात विश्वस्तांची नावे, उद्देश, मालमत्ता यांची नोंद असते. सात-बारावर वारसाची नोंद न लावता शेत कसले तर पुढे काय होते, हे आपणास सांगायला नको. कार्यकारिणी बदलली, विश्वस्ताचे निधन झाले, संस्थेला जागा मिळाली की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज, म्हणजे ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतात तो, दाखल करावा लागतो. उशीर झाला असेल तर उशिराचे कारण देऊन विलंब माफीची विनंती करावी. पण दोन-तीन कार्यकारिणींचे बदल साचले की प्रत्येक बदल क्रमाने सिद्ध करीत यावे लागते. त्या वेळची सभेची नोटीस आणि इतिवृत्त सापडले नाही तर काम फार अवघड होते.

याशिवाय वार्षिक सर्वसाधारण सभा झाल्यापासून १४ दिवसांच्या आत कार्यकारी मंडळाची यादी संस्था निबंधकांकडे द्यावयाची असते. हिशेब ३१ मार्चला बंद करून दरवर्षी तपासून घ्यावेत. वर्षात एकही व्यवहार झाला नाही म्हणून हिशेब तपासणी नको, असे समजू नये. नुसते व्याज जमा झाले तरी तो व्यवहारच आहे. आयकराचे नियम निराळे आहेत आणि ते अलीकडे पुष्कळदा बदलले आहेत, त्यामुळे त्याबाबत आपल्या लेखापरीक्षकांनाच दरवर्षी विचारावे.

ठराव कसा लिहावा

इतिवृत्ताचे पुस्तक बांधीव असावे, पानांवर क्रमांक घालावेत, सुटे कागद चिकटवू नयेत. सभेची नोटीस किती दिवस आधी द्यायची व गणपूर्ती किती, हे आपल्या संस्थेच्या नियमावलीत दिलेले असते. ते वाचूनच सभा बोलवावी. हजर सभासदांच्या सह्या सभा सुरू होतानाच घ्याव्यात. पुष्कळ ठिकाणी इतिवृत्तात "बंधारा दुरुस्तीबाबत चर्चा झाली व सर्वानुमते मंजूर करण्यात आले" एवढेच वाक्य आढळते. काय मंजूर झाले? किती रुपये? कोणी करायचे? असा ठराव बँकेलाही उपयोगी नाही आणि भांडण झाल्यास गावालाही नाही. त्याऐवजी असे लिहावे :

"ठराव क्र. ४ : खालच्या ओढ्यावरील माती नालाबांध क्र. २ च्या सांडव्याची पिचिंग दुरुस्ती १५ मेपूर्वी करावी. खर्च रु. ९,६०० पर्यंत देखभाल निधीच्या व्याजातून करावा. कामावर देखरेख ठेवण्यासाठी दोन सभासदांची नेमणूक करण्यात येत आहे. काम पाहून त्यांनी सही केल्यावरच रक्कम धनादेशाने द्यावी." खाली सूचक, अनुमोदक, विरोधात मते असल्यास त्यांची संख्या. विरोध लपवू नये; लिहिलेला विरोध पुढे कमी त्रास देतो.

शिवारफेरीवरून आराखडा

संस्थेचे वार्षिक नियोजन कार्यालयात बसून होत नाही. दिवाळीनंतर एक आणि मार्चअखेर एक अशा दोन शिवारफेऱ्या काढाव्यात. पहिल्या फेरीत पाणी कुठे थांबले व कुठे झिरपून गेले ते दिसते, दुसऱ्या फेरीत कोरड्या बांधाचे दोष दिसतात. प्रत्येक उपचाराला क्रमांक द्यावा व वहीत एक पान ठेवावे. माती बांधावर खेकड्यांची व उंदरांची बिळे, माथा खचणे, सांडव्यात वाढलेली झुडपे पाहावीत. बांधावर उगवलेली बाभूळ किंवा सुबाभूळ सावलीसाठी ठेवण्याचा मोह होतो, पण मुळांच्या वाटेने पाणी झिरपते. झाडे लहान असतानाच काढावीत. गवत मात्र हवे. सलग समतल चर भरले असतील तर गाळ वरच्या बाजूला टाकू नये, पहिल्याच पावसात तो परत चरात येतो.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर त्याचे बर्गे म्हणजे सगळ्यात मोठी डोकेदुखी. ते पावसाळा संपताना घालावे लागतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी काढावे लागतात. लवकर घातले तर पुराचा धोका, उशीर झाला तर वाहते पाणी निघून जाते. हा निर्णय ऐनवेळी चावडीवर घेऊ नये. कोण घालणार, मजुरी किती, रबर कोण आणणार, हे ऑगस्टच्या सभेतच ठरवावे. काढलेले बर्गे मोजून कुलपात ठेवावेत व संख्या वहीत लिहावी. उघड्यावर ठेवलेले लोखंड वर्षभर तेथेच राहील, या भरवशावर कोणी राहू नये.

या आराखड्यावरून अंदाजपत्रक करावे. समजा, निधीची मुदत ठेव ४,००,००० रुपये असून व्याजाचा दर ६.५ टक्के आहे. वर्षाला २६,००० रुपये मिळतील. हिशेब तपासणीसाठी ६,०००, बर्ग्यांचे रबर व ग्रीस यासाठी ४,०००, सांडव्याला जेसीबीचे ८ तास १,२०० रुपये दराने ९,६००, नकला, प्रवास व स्टेशनरीला २,४०० असे २२,००० रुपये झाले. उरलेले ४,००० मुद्दलात टाकावेत. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, आपल्या भागातील दर घालून पाहावेत. परंतु दरवर्षी सगळे व्याज खर्च करणाऱ्या संस्थेचे मुद्दल कागदावर तेवढेच राहते आणि दहा वर्षांनी त्यात निम्मेही काम होत नाही. म्हणून श्रमदान चालू ठेवणे आवश्यक आहे. श्रमदानाचे दिवस वहीत माणसांच्या नावाने लिहावेत. गाळ काढण्याच्या कामात तर गाळ ज्यांच्या शेतात जातो, त्यांनीच वाहतूक करावी, असा ठराव करण्यास हरकत नाही.

निधी उसना देऊ नये

बँकेत पैसे पडून आहेत, गावात लग्नकार्य आहे, बियाण्याला अडचण आहे, मग सभासदाला दोन महिन्यांसाठी दिले तर काय बिघडले, असे विचारले जाते. हेतू चांगला असतो. परंतु विश्वस्त संस्थेचा पैसा कायद्यात सांगितलेल्या ठिकाणीच, म्हणजे अनुसूचित बँक, टपाल खाते यांसारख्या ठिकाणी गुंतवावा लागतो. धर्मादाय आयुक्तांच्या आदेशाशिवाय तो व्यक्तीला उसना देता येत नाही. रक्कम परत आली नाही तर विश्वस्तांवर वैयक्तिक जबाबदारी येऊ शकते. गरज खरीच असेल तर त्यासाठी बचत गट किंवा सोसायटी आहे. तसेच संस्थेच्या नावाची जागा विकणे, बदलणे, बक्षीस देणे अथवा शेतजमीन दहा वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने देणे यांस धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. नंतर मंजुरी घेऊ, असे म्हणून व्यवहार करू नये.

खात्यावर दोघांऐवजी तिघांची नावे ठेवून कोणत्याही दोघांच्या सहीने व्यवहार व्हावा, असा ठराव केल्यास एक जण नसताना काम अडत नाही. तिसरे नाव तरुण सभासदाचे किंवा शेती स्वतः पाहणाऱ्या भगिनीचे असावे, आणि त्यांना नुसती सही न देता वहीही लिहू द्यावी. घटना, नोंदणीची दोन्ही प्रमाणपत्रे, परिशिष्ट एकची नक्कल, पॅन, ठेवीच्या पावत्या आणि जुनी इतिवृत्ते यांची यादी करावी. मूळ कागद सचिवांकडे, झेरॉक्सचा एक संच दुसऱ्या घरी. सचिव बदलताना या यादीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. ही यादी करताना परिशिष्ट एकची नक्कल सापडली नाही, तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात नोंदणी क्रमांक देऊन व फी भरून प्रमाणित नक्कल मागता येते. तो अर्ज मार्चच्या शिवारफेरीपूर्वीच करावा, म्हणजे नक्कल हाती घेऊन सभेत नावे वाचता येतील.