किरणोत्सवाचा किरण

कोल्हापूरचे अंबाबाईचे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यात शिरतात व आकाश स्वच्छ असल्यास क्रमाक्रमाने देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात. सुमारे ८ मिनिटांपूर्वी सूर्यावरून निघालेल्या ह्या प्रकाशाचे मूळ एका फार दुबळ्या कणात आहे.

हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉन एकच. परंतु क्वचित तो दुसराही धरून ठेवतो. हाच ऋण हायड्रोजन आयन होय. दुसऱ्यावरील पकड पहिल्यावरील पकडीच्या अठराव्या हिश्शाइतकीच असते! सूर्यपृष्ठावर कोट्यवधी अणूंत असा आयन एखादाच; तरीही अणूने इलेक्ट्रॉन पकडताना जो प्रकाश बाहेर पडतो, त्यानेच सूर्य बहुतांशी उजळतो. आयनाचे हे महत्त्व १९३९ मध्ये रूपर्ट विल्ट यांनी दाखविले. पुढे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी त्याला गणिताचा आधार दिला.

हे दोन इलेक्ट्रॉन एकत्र कसे नांदतात? सुमारे ११३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश पडला, की दोघेही एकदम उचंबळतात, निमिषाच्याही अल्पांशापुरते तसेच राहतात आणि मग एक निसटतो. ह्यास अनुनाद म्हणतात. त्याच्या परीक्षेस लागणारा इतक्या आखूड लहरींचा प्रकाश मिळविणे कठीण. म्हणून अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे १९७० नंतरच्या दशकात एक नामी युक्ती योजण्यात आली. आयनांचा झोत प्रकाशाच्या ८४ टक्के वेगाने सोडून त्यावर समोरून लेसर रोखला. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढी भासते, तद्वत साधा लेसरही आयनांना अतिनील भासला. झोत व लेसर यांमधील कोन किंचित बदलला, की आयनांपुरती तरंगलांबीही बदले. ज्या कोनाला आयन एकाएकी भराभर तुटू लागले, तेथेच अनुनाद सापडला.