जुन्नर ते नाणेघाट : मधले किलोमीटर

आजचा विषय एक रस्ता आहे. जुन्नरहून आपटाळे, चावंड, घाटघर असा नाणेघाटाच्या तोंडापर्यंत जाणारा, सुमारे तीस-पस्तीस किलोमीटरचा. पावसाळ्यात शनिवार-रविवारी इथे गाड्यांची रांग लागते. बहुतेक मंडळी थेट टोकाला जातात, वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा बघतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. आपण आज मधले किलोमीटर वाचायचे आहेत. टोकाला जे आहे ते तिथेच का आहे, याचं उत्तर वाटेत सापडतं.

सुरुवात पावसापासून करू. जुन्नर शहर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेकडे झुकलेलं आहे. तिथून पश्चिमेला जावं तसा पाऊस वाढत जातो. घाटमाथ्यावर तो जुन्नरच्या काही पट पडतो. हा फरक गाडीच्या खिडकीतून दिसतो. जुन्नरच्या आसपास ऊस आणि भाजीपाला. माणिकडोह धरणाचा जलाशय मागे पडला की उताराची भातखाचरं लागतात. उन्हाळ्यात खाचराच्या एका कोपऱ्यात पालापाचोळा आणि शेण पसरून जाळलेलं दिसतं. तो राब. त्या भाजलेल्या जमिनीत भाताची रोपं करतात. राब दिसू लागला की समजायचं, आपण मावळात आलो.

पूर गावाजवळ कुकडी नदी उगम पावते. तिथे कुकडेश्वराचं जुनं, कोरीव शिवमंदिर आहे. कुकडीचं पाणी घोडमधून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. समुद्र खरं तर पश्चिमेला, कितीतरी जवळ. पण घाटाच्या कड्यावरून जे पाणी खाली कोसळतं तेवढंच अरबी समुद्राला मिळतं. मधे उभी आहे ती काळ्या कातळाची भिंत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हा बेसाल्ट तयार झाला. कड्यावरच्या आडव्या पट्ट्या म्हणजे ते थर.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने बघा. माल पैठणकडून यायचा आहे, बंदरं कल्याण आणि सोपारा. मधे ही भिंत. भिंतीत जिथे खिंड, तिथेच वाट, आणि जिथे वाट तिथे पहारा. म्हणून या पट्ट्यात शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन असे किल्ले जवळजवळ उभे दिसतात. चावंडचं नाव शिवकाळात प्रसन्नगड झालं. जीवधन तर घाटाच्या अगदी डोक्यावर आहे.

खिंडीतल्या लेण्यात सातवाहनांचा प्रसिद्ध शिलालेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, काळ साधारणपणे इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. तो राणी नागनिकेचा मानला जातो. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे : गायी, हत्ती, घोडे, गावं, कार्षापण. यादी म्हटली की आकडे आले, आणि भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत या लेखाची गणना होते. तिथे २४,४०० ही संख्या आहे, पण आपल्यासारखी लिहिलेली नाही. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. हजाराच्या चिन्हाला वीस जोडून वीस हजार, चार जोडून चार हजार, मग शंभराला चार जोडून चारशे. म्हणजे मोठ्या रकमा नोंदवायची सवय होती. शून्याची सोय पुढे आली.

लेण्यात राजघराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आता वरची नावं आणि खाली पायांच्या खुणा, एवढंच उरलं आहे.

घाटाच्या वर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं सगळे सांगतात. ही परंपरा आहे, आणि वाट व्यापाराची होती हे लक्षात घेतलं तर ती अगदीच अशक्य नाही. पण शिलालेख जकातीबद्दल बोलत नाही, दानाबद्दल बोलतो. दोन्ही गोष्टी सांगाव्यात, फक्त एकीचा पुरावा म्हणून दुसरी देऊ नये.

आता थोडं मागे, जुन्नरकडे येऊ. जुन्नरभोवती दोनशेहून अधिक लेणी आहेत. त्यांची दानं राजांपेक्षा सामान्य कमावत्या माणसांनी जास्त दिली. धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणी, आणि यवन म्हणवणारे परदेशी लोकही त्यांत आहेत. मानमोडीच्या एका लेखात एका शकाने श्रेणीकडे जमिनीचं उत्पन्न ठेवलं आहे. वीस निवर्तनं करंजाची झाडं लावायला, नऊ निवर्तनं वडाची झाडं लावायला. झाडासाठी कायमची ठेव, आणि ती दगडात नोंदवलेली.

ही नोंद आज का महत्त्वाची? याच रस्त्याच्या पश्चिम टोकाला हिरड्याची झाडं आहेत. महादेव कोळी कुटुंबं उन्हाळ्यात कोवळा बाळहिरडा झोडून, वाळवून विकतात. औषधाला, कातडी कमवायला त्याचा उपयोग होतो. भात पोटापुरता, हातात रोख पैसा येतो तो हिरड्याचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा हिरड्याचं मोठं नुकसान झालं. भातपिकासारखी ही भरपाई सरळ मिळाली नाही. तिच्यासाठी लोकांना मागणी लावून धरावी लागली. कारण साधं आहे. पिकाला कागदावर जागा असते, बांधावरच्या आणि डोंगरातल्या झाडाला बहुतेक वेळा नसते. दोन हजार वर्षांपूर्वी करंज नोंदीत होता. आपल्या काळात हिरड्याला नोंदीत यायला झगडावं लागतं.

म्हणून या रस्त्यावर जाताना आमच्या दोनच विनंत्या. लेण्यातल्या अक्षरांना हात लावू नका. बोटांच्या घामाने आणि घासण्याने ती झिजतात, आणि झिजलेलं अक्षर परत वाचता येत नाही. आणि घाटघरच्या अलीकडे गाडी थांबवून कुणाच्या अंगणात हिरडा वाळत असेल तर भाव विचारा, यंदा किती झाला ते विचारा. रस्ता रुंद करताना, वाहनतळ करताना कुठली झाडं जाणार, हेही तिथेच कळेल. शिलालेख वाचायला ब्राह्मी यावी लागते. ही दुसरी नोंद मराठीतच आहे, फक्त ती अजून कुणी लिहिलेली नाही.